कायदा गेला, वायर राहिली

गेल्या वर्षी बर्मिंगहॅमला मामेभावाकडे महिनाभर मुक्काम होता. कुटुंब मूळचं महाडचं. मामू स्टँडसमोर ॲम्बेसिडर टॅक्स्यांचं वायरिंग करायचे, हा तिथं जुन्या ब्रिटिश गाड्यांचं करतो. मी गेलो तेव्हा त्याच्या वर्कशॉपमध्ये एक एमजीबी उभी होती. १९७४ची, उघड्या टपाची, दोन सीटची आणि स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे गाडी बनली इंग्लंडात, गेली अमेरिकेत आणि म्हातारपणी परत माहेरी आली. डॅशबोर्डखाली हात घातला की वायरींचा झुपकाच बाहेर यायचा. त्यातल्या अकरा वायरींची टोकं कुठंच जोडलेली नव्हती.

मालकाचं म्हणणं सरळ होतं. हे सगळं कापून टाका आणि नवा हार्नेस बसवा. या गाड्यांचे तयार हार्नेस आजही मिळतात, त्यामुळे सल्ला वेडगळ नव्हता. पण भाऊ काही केल्या कात्री उचलेना. मला म्हणाला, “आधी एकेकीचं नाव-गाव कळू दे. मग कापायचं बघू.”

मी इतिहास वाचणारा माणूस. गाडीतलं मला फारसं कळत नाही, पण हे वाक्य कळलं. पुढचे आठ-दहा दिवस मी त्याच्याशेजारी बॅटरी धरून बसलो.

या गाड्यांची बदनामी मोठी आहे. एमजी, ट्रायम्फ, जग्वार यांच्या विजेची उपकरणं प्रामुख्याने लुकास कंपनीची. दिवे विझणं, पावसात गाडी बंद पडणं यावरून या कंपनीला गंमतीनं ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. त्या विनोदातही इतिहास आहे. जोसेफ लुकास हा बर्मिंगहॅमच्या हॉक्ली भागात १८६० च्या सुमारास हातगाडीवर दिव्याचं रॉकेल आणि बादल्या विकणारा माणूस. पुढं त्यानं सायकलचा दिवा काढला, त्याचं नाव ‘किंग ऑफ द रोड’. रस्त्याच्या राजाचा लोकांनी अंधाराचा राजपुत्र केला, तो असा. विसाव्या शतकात कंपनीनं एकेक प्रतिस्पर्धी गिळला आणि ब्रिटिश गाड्यांच्या विजेवर तिची जवळपास मक्तेदारी झाली. इतकी की १९६३ मध्ये ब्रिटिश मक्तेदारी आयोगाला त्यावर अहवाल द्यावा लागला.

मक्तेदारीनं ग्राहकांचं काय नुकसान केलं ते असो, पण तिच्यामुळे एक भाषा तयार झाली. ती भाषा वायरींच्या रंगांची. लुकासनं ठरवलेले रंग पुढं ब्रिटिश मानकाचाच आधार झाले. त्यामुळे एमजीचा वायरमन ट्रायम्फच्या बॉनेटमध्येही गोंधळत नाही.

या भाषेचं व्याकरण सोपं आहे. वायरचा मूळ रंग तिचं घराणं सांगतो आणि त्यावरची बारीक रेघ तिचं काम. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीकडून आलेली, चावी असो वा नसो, कायम जिवंत. पांढरी चावी फिरवल्यावर जागी होते. तीच पांढरी फ्यूजमधून पलीकडे गेली की हिरवी होते. जांभळीला फ्यूज आहे, पण चावी लागत नाही. हॉर्न आणि आतला दिवा तिच्यावर. निळी हेडलाइटची, लाल बाजूच्या आणि मागच्या दिव्यांची, काळी अर्थची. हिरव्यावर लाल रेघ असेल तर डावा इंडिकेटर, पांढरी असेल तर उजवा, जांभळी असेल तर ब्रेकलाइट. पांढऱ्यावर लाल रेघ स्टार्टरकडे जाते. एवढं पाठ झालं की अर्धी गाडी वाचता येते. मला दोन दिवस लागले.

मग गूढ वायर येते कुठून? या प्रश्नावर मात्र भावाचं आणि माझं लगेच एकमत झालं. राजपुत्राला दोष देणारे लोक पुढच्या मालकांना विसरतात. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकेला गेला. नकाशा दर एक-दोन वर्षांनी बदलत होता. १९६७ पर्यंत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. त्याच सुमारास डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला आणि निगेटिव्ह टोक बॉडीला लागलं. हा बदल माहीत नसलेल्या कुणी जुन्या गाडीत नवा रेडिओ बसवला की रेडिओ जळणार. मग रेडिओ काढला जातो, वायरी तिथंच राहतात. पन्नास वर्षांत सहा मालक झाले तर असे सहा थर साचतात.

या गाडीतला सगळ्यात जाड थर मात्र कुणा मालकाचा नव्हता. तो सरकारचा होता.

सीटखालच्या चार वायरी

अकरापैकी चार वायरी गालिच्याखालून सीटकडे जात होत्या. बल्ब लावून पाहिलं तर दोन उजव्या सीटच्या बुडाशी निघाल्या, दोन डाव्या. प्रत्येक जोडीतली एक सीटच्या गादीखाली संपत होती, दुसरी पट्ट्याच्या खोबणीपाशी. भाऊ हसला. म्हणाला, “ही चौऱ्याहत्तरची आहे, मला आधीच कळायला हवं होतं.”

अमेरिकेनं १ जानेवारी १९६८ पासून गाड्यांच्या सुरक्षेचे केंद्रीय नियम लागू केले आणि ते दरवर्षी वाढत गेले. एमजीबीत त्यामुळे धोक्याचे चमकणारे दिवे आले, ब्रेक निकामी झाल्याचा दिवा आला, चावी विसरल्यास वाजणारा बझर आला. प्रत्येक नियमाबरोबर दोन-चार वायरी. पण १९७४ च्या मॉडेलसाठी नियम फारच पुढं गेला. पुढच्या सीटवर बसलेल्यानं पट्टा लावला नसेल तर गाडी सुरूच होता कामा नये. आधी बसायचं, मग पट्टा लावायचा, मग चावी. क्रम चुकला तर स्टार्टर गप्प. सीटवर वजन आहे का, पट्टा खोबणीत आहे का, हे कळायला स्विच आणि त्यांचा हिशेब ठेवायला एक पेटी. बाजाराची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली तरी गाडी अडून बसे.

हेतू चांगला होता, यात शंका नाही. पट्ट्यानं जीव वाचतात. पण लोक इतके वैतागले की अमेरिकन काँग्रेसनं हा नियमच मोडीत काढला. २७ ऑक्टोबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्या कायद्यावर सही केली. म्हणजे ज्या नियमासाठी ॲबिंग्डनच्या कारखान्यात या गाडीत वायरी घातल्या गेल्या, तो पुरती दोन वर्षंही टिकला नाही. नंतर कुणीतरी पेटी काढून फेकली आणि स्टार्टरची पांढरी-लाल वायर थेट जोडून टाकली. सीटखालच्या वायरींना कुणी सांगितलंच नाही की त्यांचं काम संपलं. मला वाटतं, अशा वायरीला ‘गूढ’ म्हणणं अन्यायाचं आहे. ती आपलं बोलणं पुरं करून थांबली आहे. ऐकणारा उशिरा आला.

बल्बची रीत

शोधण्याची पद्धत इथं सांगतो, कारण आपल्याकडेही जुनी गाडी बाळगणारे बरेच आहेत. पहिलं काम बॅटरी सोडवणं. १९७४ च्या या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे लपवलेल्या होत्या. दुसरं, त्याच सालचा, त्याच देशासाठीचा नकाशा मिळवणं; शेजारच्या सालाचा नकाशा नकाशा नसण्यापेक्षा वाईट. मग वायरचा रंग ओळखायचा, पण तो उघड्या टोकावर नाही. तिथं ऊन आणि तेलानं हिरवी तपकिरी दिसते आणि बारीक रेघ नाहीशी होते. वेष्टणाच्या आतली दोन बोटं जागा पुसून पाहायची. तरी कळलं नाही, तर लांब वायर घेऊन एका टोकाला सुटी बॅटरी आणि बल्ब जोडायचा आणि गाडीच्या दुसऱ्या भागातली टोकं एकेक शिवत जायचं. बल्ब लागला की जोडी जमली. भावाकडे मल्टिमीटर आहे, तो वापरतोही. पण बल्ब मामूंचा. पितळी होल्डर, दोन वायरी, दोन चिमटे. ॲम्बेसिडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली आणि मॉरिस व एमजी हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच घरातले, त्यामुळे या बल्बला इथं परकं वाटत नसावं. सापडलेल्या प्रत्येक टोकाला कागदी टेप लावून नाव लिहायचं. कापायचं काहीच नाही.

सातव्या दिवशी घाईची किंमत कळली. दोन वायरी बझरच्या, दोन रेडिओच्या, एक पिवळी ओव्हरड्राइव्हची, या गाडीत नसलेल्या. दहावी जाड लाल होती. लाल म्हणजे मागचा दिवा असं मी लगेच म्हणालो. भावानं तिचा माग काढला, तर ती बॉनेटमध्ये तपकिरी वायरला पिळून जोडलेली निघाली. मध्ये फ्यूज नाही, आणि मोकळ्या टोकाला टेप गुंडाळलेली. कुण्या मालकानं पंखा वगैरे बसवून नंतर काढला असावा. बॅटरी जोडलेली असताना कुणी ती कात्रीनं कापली असती आणि टोक बॉडीला टेकलं असतं, तर चावी बंद असूनही वायर लालबुंद झाली असती. शेजारून पेट्रोलची नळी जात होती.

त्याच दिवशी त्यानं फ्यूजपेटीही उघडली. जांभळ्या वायरीवर ३५ आकड्याचा काचेचा फ्यूज होता, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पण फ्यूज अमेरिकन. लुकासच्या फ्यूजवरचा ३५ म्हणजे ज्या करंटला तो वितळेल तो आकडा. सतत तो १७ अँपिअरच वाहतो. अमेरिकन फ्यूजवरचा ३५ म्हणजे तो जो करंट आरामात वाहतो तो. आकडा एकच, संरक्षण अर्धंच. पुस्तक नीट वाचूनच कुणीतरी ही चूक केली होती, याचं मला जास्त वाईट वाटलं.

नवा हार्नेस शेवटी आलाच नाही. मालकाला टेप लावलेल्या वायरी दाखवल्या तेव्हा तो बराच वेळ सीटखालच्या चार टोकांकडे पाहत राहिला आणि त्या राहू द्या म्हणाला. लाल वायर मुळापासून काढली, फ्यूज बदलले, गंजलेले जोड साफ केले. रेडिओच्या दोन वायरींना नवा रेडिओ मिळाला.

अकरावी वायर डिकीत जाऊन नंबरप्लेटच्या मागे तुटलेली आहे. काळी, रेघ नाही, कारखान्याची नाही. भावानं दोन्ही टोकं बंद केली आणि टेपवर फक्त तारीख लिहिली.