सतरा वर्षांचं ऑनसाईट

ऑनसाईटला गेलेल्या माणसाचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. तांदूळ कुठे मिळतो, कुकर चालेल का, घरी फोन किती वाजता करायचा. पण सहा महिन्यांचं काम लांबून दोन वर्षं झाली की प्रश्न बदलतात, आणि "इथे राहतोय" असं आपण कधी म्हणायला लागलो ते लक्षातही येत नाही. आज ज्या माणसाबद्दल लिहितोय त्याचं काम असंच लांबलं. फरक एवढाच की तो ज्या बेटावर होता, तिथून पूल ओलांडून समोरच्या गावात जायचं तरी परवानगी लागायची.

बेटाचं नाव देजिमा. नागासाकीच्या बंदरात भराव टाकून १६३६ साली बांधलेलं, पंख्याच्या आकाराचं, जेमतेम दीड हेक्टरचं. जपानच्या शोगुनला व्यापार हवा होता, पण ख्रिस्ती धर्मप्रसार नको होता. म्हणून परदेशी लोकांना एका जागी कोंडून ठेवायची ही सोय. ती केली पोर्तुगीजांसाठी, पण १६३९ साली त्यांना हाकललं आणि १६४१ पासून डच ईस्ट इंडिया कंपनीची माणसं तिथे राहायला आली. बेट बांधणाऱ्या नागासाकीच्या व्यापाऱ्यांना ते भाडं देत. किनाऱ्याशी जोडणारा पूल एकच, आणि त्यावर पहारा. डझनभर डच, त्यांचे नोकर, गोदामं आणि वर्षातून एकदा बटाव्हियाहून (म्हणजे आजच्या जकार्ताहून) येणारं जहाज. संपलं जग!

हेंड्रिक डूफ १८०० साली इथे राहायला आला आणि १८०३ साली ठाण्याचा प्रमुख झाला. गंमत बघा, ज्या कंपनीचं हे ठाणं ती १७९९ च्या अखेरीसच बंद पडली होती. १८१० साली नेपोलियनने हॉलंड फ्रान्सला जोडून टाकलं आणि १८११ साली जावा इंग्रजांनी घेतलं. थोडक्यात काय तर कंपनी गेली, देश गेला, हेड ऑफिसही गेलं. १८१० ते १८१२ या तीन वर्षांत एकही जहाज आलं नाही. १८१३ आणि १८१४ साली जी आली ती जावाच्या इंग्रज गव्हर्नर रॅफल्सने पाठवलेली, ठाणं ताब्यात घ्यायला. डूफने साफ नकार दिला आणि डच झेंडा खाली उतरवला नाही. त्यानंतर थेट १८१७ पर्यंत पुन्हा काही नाही.

डच इतिहासात त्याचं कौतुक होतं ते या झेंड्यासाठी. मला मात्र त्या मधल्या वर्षांतलं रोजचं जगणं जास्त महत्त्वाचं वाटतं. नंतर लिहिलेल्या आठवणींत तो सांगतो की बूट फाटल्यावर त्यांनी जपानी गवती चपलांवर कच्चं चामडं लावून पादत्राणं केली. जुन्या गालिच्याच्या विजारी शिवल्या. बिअर करून पाहिली, पण हॉप्स नव्हते, त्यामुळे ती चार दिवसांपलीकडे टिकेना. नागासाकीचे अधिकारी मधून मधून काय हवं-नको विचारायला माणूस पाठवत. कोंडून ठेवणारेच काळजीही घेत होते!

आणि मग त्याने एक काम हातात घेतलं. नागासाकीच्या दुभाष्यांची घराणी पिढ्यान् पिढ्या डच शिकत आलेली, पण धड कोश नव्हता. डूफने हाल्मा या माणसाचा डच-फ्रेंच कोश समोर ठेवला आणि दुभाष्यांना घेऊन डच-जपानी कोश करायला बसला. जहाज नाही, व्यापार नाही, मग वेळच वेळ. तोवर त्याचं जपानी इतकं मुरलं होतं की त्याचे हायकू तिकडच्या संग्रहांत छापले गेले. तो निघून गेल्यावरही दुभाषे काम करत राहिले आणि १८३३ साली कोश पुरा झाला. पुढे ओसाकातल्या ओगाता कोआन यांच्या शाळेत त्याची एक प्रत होती आणि विद्यार्थी रात्र रात्र तिच्याभोवती बसत. आधुनिक जपानचा मोठा विचारवंत फुकुझावा युकिची हा त्यांतलाच एक.

इथे थांबलं तर गोष्ट गोड होते. पण देजिमावर डच बायकांना मनाई होती. पूल ओलांडून येऊ शकत त्या नागासाकीच्या मारुयामा वस्तीतल्या परवानाधारक वेश्या. त्यांच्यातल्या उरियुनोपासून डूफला १८०८ साली मुलगा झाला, जोकिची. तिला या सगळ्याबद्दल काय वाटत होतं, हे तिच्या शब्दांत कुठे वाचायला मिळत नाही. १८१७ साली डूफची बदली झाली तेव्हा कायदा स्पष्ट होता: मूल जपानचं, ते जपानमध्येच राहणार. डूफने मुलाच्या खर्चासाठी साखरेचा साठा अधिकाऱ्यांकडे ठेवला, त्याला नोकरी लावून द्यायची विनंती केली आणि जहाजात बसला. नोकरी मिळाली, पण जोकिची १८२४ साली, जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा असताना वारला. डूफचंही काही बरं झालं नाही. १८१९ साली युरोपला जाताना त्याचं जहाज हिंदी महासागरात बुडालं. माणसं वाचली, पण जपानमध्ये जमवलेलं सगळं गेलं, आणि जावात लग्न केलेली त्याची बायको त्यानंतर लवकरच वारली.

परक्या ठिकाणी रुळणं म्हणजे तिथलं जेवण, भाषा, हवामान अंगवळणी पडणं, असं आपण समजतो. डूफला हे सगळं जमलं होतं. पण रुळण्याचा एक भाग आपल्या हातात नसतोच, तो त्या जागेच्या कायद्याच्या हातात असतो. व्हिसावर बाहेर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

असो. आज देजिमा बेट राहिलेलं नाही. आजूबाजूला भराव पडत गेले आणि १९०४ पर्यंत ते शहरातच मिसळून गेलं. अलीकडे जुन्या इमारती पुन्हा उभारल्या आहेत आणि २०१७ साली नवा पूलही झाला. आता त्यावरून कोणीही ये-जा करतं.