सशाने आखलेला बाजार

शहरं वसवण्याच्या रीती पुष्कळ आहेत. जयपूर एका राजाने शिल्पशास्त्राच्या पोथ्या उघडून वसवलं. चंडीगडसाठी तर थेट फ्रान्सहून माणूस बोलावला. आमचं चंद्रपूर मात्र एका सशाने आखलं. तुम्ही हसाल, पण ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते आणि ती खोटी म्हणणाऱ्याला या गावात मुलगी देत नाहीत.

गोष्ट अशी. पंधराव्या शतकात बल्लारपूरला खांडक्या बल्लाळशाह नावाचा गोंड राजा होता. त्याच्या अंगावर गळवं होती, औषधांनी हटत नव्हती. एकदा शिकारीला निघालेला राजा तहानेने व्याकुळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रात आला. तिथे एका खळग्यात थोडं पाणी सापडलं. तो प्यायला, तोंड-हातपाय धुतले, आणि त्या रात्री त्याला वर्षांनंतर गाढ झोप लागली. सकाळी बघतो तर अंग स्वच्छ! पुढे त्याच परिसरात त्याला एक ससा दिसला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला हा ससा चक्क राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला होता. वेडीवाकडी वळणं घेत त्याने कुत्र्याला पळव पळव पळवलं, आणि शेवटी कुत्र्याने उलटून त्याला मारलं. राजाने घरी येऊन ही हकिगत राणीला सांगितली. राणी म्हणाली, ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेने तट बांधा आणि आत शहर वसवा.

मला या गोष्टीत राजापेक्षा राणीचं कौतुक वाटतं. नवरा शिकारीहून रिकाम्या हाताने परत येऊन "सशाने कुत्र्याला पळवलं" असं सांगू लागला, तर आमच्या घरात त्याचं काय स्वागत होईल हे मला माहीत आहे. या बाईने त्यातून एक राजधानी काढली. पण एक अडचण राहिलीच. ससा काही गज-फूट घेऊन धावत नव्हता. त्यामुळे आमच्या गावात पाहुण्याला पत्ता सांगताना "सरळ जा" असं म्हणण्याची सोय नाही. "वाकडे जा, मग आणखी वाकडे जा, तिथे कुणालाही विचारा," हाच आमचा अधिकृत पत्ता.

तट पुढच्या राजांनी पुरा केला. दहा-अकरा किलोमीटरचा घेर, चार दरवाजे आणि पाच खिडक्या. दरवाजे जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा. खिडक्या म्हणजे लहान दरवाजे: हनुमान, विठोबा, बगड, मसाण आणि चोर. देवाची सोय, मेल्याची सोय आणि चोराचीही सोय! इतका सर्वसमावेशक कारभार मी पुढे कुठल्याच राजवटीत पाहिला नाही. दरवाजांवर हत्तीला लोळवणाऱ्या सिंहाची गोंडांची मुद्रा कोरलेली आहे. हल्ली त्या सिंहाखालून रोज इतक्या ऑटोरिक्षा जातात की, एखाद्या दिवशी तो हत्तीला सोडून ऑटोवाल्यावर उडी घेईल असं वाटतं.

याच जटपुरा गेटपासून गांधी चौकापर्यंत आमचा बाजार. दोन समांतर रस्ते: एकाचं नाव महात्मा गांधी मार्ग, दुसऱ्याचं कस्तुरबा मार्ग. मधे गोलबाजार. कापड, भांडी, सराफी, किराणा, बांगड्या, बुरुडांच्या सुपल्या-टोपल्या, आरमोरी-नागभीडकडचं टसर, सगळं इथेच. माझ्या लहानपणी "बाजारात जाऊन येतो" म्हणजे वेशीच्या आत जाऊन येतो. वेशीबाहेर जंगल होतं आणि जंगलात, निदान आमच्या आजीच्या मते, वाघाखेरीज घेण्यासारखं काही नव्हतं.

त्या वेळी अहेरी-सिरोंच्याकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला इथे येत. दोनशे किलोमीटरहून अधिक वाट, मधे नद्या, पावसाळ्यात तर विचारूच नका. मग आलेला माणूस एका दिवसात परतत नसे. कोर्टाचं काम, दवाखान्याचं काम, पोराच्या कॉलेजचं काम आणि बस्ता अशी चार कामं एका फेरीत उरकायची. दुकानदार गादीवर बसवून आधी पाणी देई, मग चहा, मग ख्यालीखुशाली. "या जी मामा, यंदा धान कसं हाये?" धानाची चौकशी झाल्याशिवाय थानाची घडी उलगडत नसे. माझ्या वडिलांचा सिद्धान्त होता की, चांद्याच्या दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या खिशापेक्षा त्याच्या सोयऱ्यांची जास्त माहिती असते, आणि उधारी त्याच माहितीवर चालते.

आता याच बाजाराबद्दल जो उठतो तो म्हणतो, "बाजार बसला." माझ्या ओळखीचे एक बांगड्यांचे दुकानदार आहेत. तीन पिढ्यांचं दुकान. परवा त्यांच्याकडे बायकोबरोबर गेलो होतो. म्हणजे बायको गेली होती, मी पिशवीबरोबर होतो. ते म्हणाले, "काय सांगू भाऊ, लोकं येते, भाव इचारते, मोबाइलवर फोटो काढते अन् चालले जाते. म्हणते, तिकडे वीस रुपये कमी हाये. आता बांगडी काय मोबाइलवर हातात भरून देते काय जी?" बोलता बोलता त्यांनी बायकोच्या हातात डझनभर बांगड्या अशा चढवल्या की, एकही पिचकली नाही. मग हळूच म्हणाले, "पोरगा म्हणते, इकून टाकू. मोबाइलचं दुकान टाकणाऱ्याले भाड्यानं देऊ. घरी बसून जास्त भेटते." मी काही बोललो नाही. त्या पोराचं गणित बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती.

पण "बाजार बसला" हे वाक्य काही आजचं नव्हे. इतिहास चाळला तर ते दर पाऊणशे-शंभर वर्षांनी ऐकू येत असलं पाहिजे. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी शेवटच्या गोंड राजाला, नीलकंठशाहाला, कैदेत टाकलं आणि राजधानीचं एक परगण्याचं ठाणं झालं. राजा गेला म्हणजे राजाचे सोनार, शिंपी, जरीवाले यांचं गिऱ्हाईकच गेलं. पहिल्यांदा "बाजार बसला" तेव्हा. मग १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून तट फोडला आणि गाव घेतलं. दुसऱ्यांदा बसला. (आमच्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला टेकतो. त्या उन्हात लोकरी कोट घालून लढाई करणाऱ्यांच्या शौर्याबद्दल मला आदर आहे, अकलेबद्दल नाही.) १८७० च्या दशकात रेल्वे आली ती कोळशासाठी वरोऱ्यापर्यंत आणि तिथेच थांबली. चांद्याला पोचायला तिला विसावं शतक उजाडलं. तोवर माल बैलगाडीने वरोऱ्याला न्या नाहीतर घरी ठेवा.

पुढे १९६४ साली चांद्याचं नाव चंद्रपूर झालं. गोंदियाकडून येणारी गाडी ज्या स्टेशनावर उतरवते त्याचं नाव मात्र अजून चांदा फोर्टच आहे. रेल्वेने आम्हाला उशिरा गाठलं, पण गाठल्यावर आमचं नाव सोडलं नाही. मग २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली वेगळा झाला. कलेक्टर, कोर्ट, कचेऱ्या तिकडे. वाटणी न्याय्यच होती, सिरोंच्याच्या माणसाने एका सहीसाठी दोन दिवस का मोडावेत? पण त्या सहीबरोबर येणारा बस्ताही हळूहळू आटला. पुढे गोदावरीवर पूल झाला आणि सिरोंच्याला तेलंगणाचा बाजार जवळ आला. याच सुमारास आमच्याकडे महाऔष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. त्याचा पहिला संच १९८३ चा, आज क्षमता २९२० मेगावॅट. हजारो नोकरदार आले, पण त्यांच्या वसाहती तटाबाहेर, आणि वसाहतींमागोमाग दुकानंही बाहेर. राखेचा वाटा तेवढा आतल्यांनाही मिळाला.

एवढं सगळं झाल्यावर देवाने आम्हाला पर्यटक दिले. ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला आणि आता तर देशोदेशींची माणसं वाघ बघायला येतात. बाजाराला वाटलं, चला, आता आपले दिवस फिरले. पण हा पर्यटक मोठा चमत्कारिक. तो नागपूरच्या विमानतळावर उतरतो, गाडीत बसतो, थेट मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या रिसॉर्टात जातो, वाघ बघतो, वाघाचं चित्र असलेला बनियन तिथेच विकत घेतो आणि परत विमानात. चंद्रपूर त्याला फक्त पाटीवर दिसतं. आमच्या जंगलाचं सागवानही असंच. ते अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं, मोठ्या मानाने गेलं, पण जटपुरा गेटातून नाही गेलं. जे जे उत्तम ते ते आम्हाला वळसा घालून जातं.

मग दोष कुणाचा? गावात एक पक्ष आहे, तो म्हणतो, तटाचा. दरवाजा हत्ती-पालखीच्या मापाचा, त्यातून आजची वाहनं कशी जावीत? संध्याकाळी सहाला जटपुरा गेटात अडकलेल्या माणसाला मी तत्त्वज्ञान सांगणार नाही. तिथे मी रक्तदाबाच्या दोन गोळ्यांचं अंतर काढलेलं आहे. "भिंत फोडा, रस्ता रुंद करा," अशी सूचना कुणीतरी करतं. तट पडतो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात, त्यामुळे ती सूचना पुन्हा फायलीत जाते. बांगडीवाल्यांनाही मी विचारलं. ते म्हणाले, "भिंत गेली त गाड्या भन्नाट निंगून जाईन जी. थांबन कोण?"

हे उत्तर मला शहाणपणाचं वाटतं. बाजार वेगावर जगत नाही, थांबण्यावर जगतो. माणूस थांबला की पाणी, पाण्यावर चहा, चहावर ख्यालीखुशाली आणि तिच्यावर बांगड्या.

आणि थांबणारी माणसं आमच्याकडे अजून येतात, हे आम्ही विसरतो. चैत्रात महाकालीची यात्रा भरते. देऊळ राणी हिराईने उभं केलं, अंचलेश्वर दरवाजाबाहेर, झरपटीच्या काठी. मराठवाड्यातून, तेलंगणातून लाखो माणसं त्या भाजणाऱ्या उन्हात येतात, झरपटीत अंघोळ करतात, हलगीवर नाचतात आणि जाताना हळदकुंकू, बांगड्या, पोरांना पिपाण्या घेऊन जातात. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर तीच गर्दी. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली, त्या दिवसाची आठवण ठेवून माणसं दरवर्षी येतात. या लोकांना आम्ही पर्यटक म्हणत नाही, कारण त्यांच्या गळ्यात दुर्बीण नसते आणि ती धर्मशाळेच्या ओट्यावर झोपतात. पण बाजार तगून आहे तो यांच्यावर. त्यांच्यासाठी सावली, पिण्याचं पाणी, स्वच्छ नदी आणि बायकांसाठी धड मोरी एवढी सोय बाजारपेठेने मनावर घेतली तरी पर्यटनविकास म्हणजे काय हे मला कळेल.

तटाचंही तसंच. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी बुरुजांवरची झाडंझुडपं आणि कचरा महिनोन् महिने हातांनी उपसला. तोवर तट म्हणजे केर टाकण्याची जागा, अशी आमची समजूत होती. आता त्यावरून चालता येतं आणि चालणारा माणूस खाली उतरला की त्याला भूक लागते. भूक लागलेला माणूस बाजाराच्या दृष्टीने वाघापेक्षा मोलाचा.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. ताडोबा मंगळवारी बंद असतं. वाघाला आठवड्याची सुट्टी मिळते, आणि रिसॉर्टातले पर्यटक त्या दिवशी जांभया देत बसतात. हा मंगळवार आम्हाला द्या. सकाळी तटावर फिरवा, सशाची गोष्ट सांगा, अंचलेश्वराला गोंड राजांच्या समाध्या दाखवा आणि दुपारी ऊन कलल्यावर गोलबाजारात सोडून द्या. रस्ता सांगायची गरज नाही. सशाच्या कृपेने तो हरवेलच. हरवलेला माणूस पत्ता विचारतो, पत्ता विचारणाऱ्याला आमचा दुकानदार आधी पाणी देतो, आणि पुढचं सगळं गेली पाचशे वर्षं आपोआप होत आलेलं आहे. फक्त बांगडीवाल्यांच्या पोराने दुकान विकायची घाई करू नये.