घणसोलीची सहा प्रश्नचिन्हे

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेस रबाळे-महापेचा औद्योगिक पट्टा आणि तेथील संगणक कंपन्यांच्या इमारती. पश्चिमेस रेल्वे ओलांडली की घणसोली गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यावर ज्या गावांच्या जमिनी संपादित होऊन नवी मुंबई वसली, त्यांतील हे एक. अशा गावात कागदावरील नावाला मोठे मोल असते. सातबाऱ्यावर एक आडनाव, साडेबारा टक्के योजनेच्या यादीत थोडे निराळे आणि पतसंस्थेच्या खतावणीत तिसरेच, असे झाले की कुटुंबाला प्रतिज्ञापत्रे करीत हिंडावे लागते. म्हणून संगणकात मराठी नावाचे नेमके काय होते, हा प्रश्न केवळ प्रोग्रॅमरचा राहत नाही.

समजा, गावातील एखाद्या पतसंस्थेसाठी विंडोजवर चालणारे सभासद-नोंदणीचे सॉफ्टवेअर तयार करावयाचे आहे. प्रोग्रॅमर पत्त्याच्या चौकटीत 'घणसोली' असे टंकतो, नोंद साठवतो, पुन्हा उघडतो आणि त्या जागी सहा प्रश्नचिन्हे दिसतात. विंडोजवर मराठी आज्ञावली लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला असतो. पहिली प्रतिक्रिया बहुधा 'फॉन्ट बदलून पाहू' अशी असते. फॉन्टचा येथे काहीएक संबंध नाही.

प्रथम लक्षणे ओळखावीत. पडद्यावर मराठीऐवजी रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर सुखरूप आहे, फक्त तो दाखविणारा फॉन्ट त्या यंत्रावर नाही. निरर्थक लॅटिन अक्षरांची रांग दिसत असेल तर मजकूर बहुधा शाबूत आहे, पण चुकीच्या कोष्टकाने वाचला जात आहे. प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मात्र कोठेतरी मजकूर पुसला गेला आहे. पहिली दोन दुखणी बरी होतात. तिसऱ्यात जे गेले ते परत येत नाही, कारण सहा प्रश्नचिन्हांवरून मूळ शब्द 'घणसोली' होता की आणखी काही, हे कोणतीही आज्ञावली सांगू शकत नाही.

प्रश्नचिन्ह कोठून येते?

संगणकाच्या दृष्टीने 'घणसोली' हा सहा संकेतांचा शब्द आहे: घ, ण, स, ओकाराची मात्रा, ल आणि दीर्घ वेलांटी. युनिकोडने देवनागरीसाठी १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत १२८ जागा राखून ठेवल्या. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे झालेल्या 'इस्की' या संकेतप्रणालीचा १९८८ सालचा आराखडा त्या मांडणीच्या मुळाशी आहे. षोडशमान पद्धतीत 'घ'चा क्रमांक ०९१८, 'ण'चा ०९२३. यूटीएफ-१६ पद्धतीने हा शब्द बारा बाइट घेतो, यूटीएफ-८ पद्धतीने अठरा.

आता विंडोजकडे येऊ. १९९३ सालच्या विंडोज एनटीपासून या प्रणालीचा गाभा युनिकोडवर चालतो. परंतु जुन्या आज्ञावली चालू राहाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने मजकुराशी संबंधित बहुतेक आज्ञांची जुळी रूपे ठेवली. एक रूप युनिकोड जाणणारे, तर दुसरे 'आन्सी', म्हणजे एकेका भाषागटासाठी ठरवलेल्या छोट्या कोष्टकावर चालणारे. इंग्रजी, रशियन, ग्रीक, अरबी या भाषांना अशी कोष्टके मिळाली. विंडोज २००० मध्ये मराठी व हिंदीचा प्रवेश झाला तेव्हा मात्र त्यांना आन्सी कोष्टक दिलेच नाही. या भाषा केवळ युनिकोडमधूनच वापराव्यात असे ठरले. साहजिकच जुन्या वाटेने जाणाऱ्या आज्ञेला 'घ' भेटला की कोष्टकात त्याची जागा सापडत नाही आणि ती तेथे प्रश्नचिन्ह ठेवते. सहा संकेत, सहा प्रश्नचिन्हे.

'कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन युनिकोड नसलेल्या आज्ञावलींसाठी मराठी भाषा निवडा' हा सल्ला आजही दिला जातो. रशियनसाठी तो योग्य होता. मराठीला कोष्टकच नसल्याने त्याचा उपयोग होत नाही. विंडोज १० च्या २०१९ सालच्या १९०३ या आवृत्तीपासून आज्ञावलीच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये 'आमचे आन्सी म्हणजे यूटीएफ-८' असे घोषित करता येते, आणि जुन्या सी भाषेतील आज्ञावलींना त्यामुळे खरीच मदत झाली. पण व्हिज्युअल बेसिक ६ ची कथा वेगळी आहे.

१९९८ साली आलेल्या या साधनाने महाराष्ट्रातील कितीतरी दुकाने, पतसंस्था व शाळांचे हिशेब सांभाळले. त्याच्या विकसन-साधनाचा मायक्रोसॉफ्टकडील आधार २००८ मध्ये संपला, तरी त्यात केलेल्या आज्ञावली अजून चालतात. त्याची गोम अशी की, त्यातील अक्षरमाला आतून युनिकोडच असते. पण पडद्यावरील चौकटी, लेबले आणि संदेशखिडकी ही सारी आन्सी आहेत. त्यामुळे ॲक्सेसच्या तक्त्यात 'घणसोली' व्यवस्थित असते, फॉर्म उघडताच ती प्रश्नचिन्हे दिसते, आणि कारकुनाने सभासदाचा फक्त दूरध्वनी क्रमांक बदलून 'सेव्ह' दाबले की चौकटीतील प्रश्नचिन्हे तक्त्यात जाऊन मूळ गावावर बसतात. ज्या नोंदींना कोणी हातही लावावयाचा नव्हता, त्या अशा रीतीने नष्ट होतात. यासाठीच प्रश्नचिन्हे दिसताच पहिले काम म्हणजे तो फॉर्म काहीही न साठवता बंद करणे, आणि मग तक्ता थेट ॲक्सेसमध्ये उघडून पाहणे. तेथे मराठी दिसली तर नुकसान अजून पडद्यापुरतेच आहे.

ऑफिससोबत येणारी 'फॉर्म्स २.०' ही नियंत्रणे युनिकोड जाणतात आणि अनेकांनी ती जोडून वेळ मारून नेली. परंतु ती ग्राहकाला आपल्या सॉफ्टवेअरसोबत देण्याची मुभा नव्हती. टिकाऊ मार्ग म्हणजे फॉर्म डॉटनेटमध्ये नव्याने लिहिणे. २००२ साली आलेल्या डॉटनेटमध्ये अक्षरमाला आणि पडद्यावरील नियंत्रणे दोन्ही युनिकोड आहेत.

तेथेही एक सापळा शिल्लक राहतो, तो माहितीसाठ्याचा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठीसाठी स्तंभ 'व्हारचार' नव्हे तर 'एन-व्हारचार' प्रकारचा हवा, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण आज्ञेत अवतरणचिन्हांत थेट लिहिलेल्या मराठी शब्दाआधी 'एन' हे अक्षर नसेल, तर तो शब्द स्तंभापर्यंत पोहोचण्यापूर्वीच प्रश्नचिन्हांत बदलतो. स्तंभ योग्य आणि तरीही प्रश्नचिन्हे, अशी तक्रार आली की हेच कारण शोधावे. शब्द जोडून आज्ञा तयार करण्याऐवजी पॅरामीटर वापरले तर हा दोष टळतो आणि बाहेरून घुसखोरी करण्याची वाटही बंद होते. २०१९ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या स्तंभासाठीही यूटीएफ-८ निवडता येते.

चौकोन आणि बाराखडीचा चिवडा

चौकोनांचे दुखणे आता बरेच ओसरले आहे. विंडोज एक्सपीमध्ये प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन जटिल लिप्यांसाठीची खूण करावी लागे आणि संगणक मूळ सीडी मागे. ती नेमकी कोणाकडेच नसे. व्हिस्टापासून ही सोय सोबतच येऊ लागली. प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा विंडोजचा पहिला देवनागरी फॉन्ट. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'निर्मला' आला. चौकोन नसले तरी इंग्रजीसाठी आखलेल्या लेबलात वरचा रफार किंवा खालचा उकार कापला जातो, हे मात्र अजूनही घडते. लेबलाची उंची बिंदूंत बांधून न घालता मजकुरानुसार वाढू द्यावी.

लॅटिन चिवड्याचे निदान सोपे आहे. प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी टोपी-रेघेचा लॅटिन 'ए', त्याला लागून चलनाचे किंवा येनचे चिन्ह आणि पुढे आणखी एक चिन्ह असे त्रिकूट दिसले, की ती यूटीएफ-८ फाइल आन्सी समजून उघडली गेली आहे. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल दुहेरी टिचकीने उघडली की हेच दिसते. फाइलच्या आरंभी बीओएम ही खूण घातली तर एक्सेलला ती ओळखता येते. चिवडा दिसत असताना 'सेव्ह' दाबू नये, एवढे पथ्य पाळले तर मजकूर जसाच्या तसा परत मिळतो.

याहून किचकट प्रकरण जुन्या फॉन्टांचे. शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपी, सी-डॅकचा सुरेख: यांत संगणकात साठते ते लॅटिन अक्षर, त्यावर मराठीचे केवळ चित्र असते. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही एके काळी 'आधी फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना असे, ती यामुळेच. अशी माहिती युनिकोडमध्ये आणताना निव्वळ अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टात 'दिवा'मधील ऱ्हस्व वेलांटी 'द'च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. 'कर्ज' या शब्दात उलट: जुन्या फॉन्टात रफार शेवटी, युनिकोडमध्ये 'र' आधी आणि 'ज' नंतर. रूपांतरानंतर ठिपक्यांचे वर्तुळ व त्याला चिकटलेली मात्रा दिसली, तर क्रम चुकला असे समजावे. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असल्याने एकाचे कोष्टक दुसऱ्याला लावता येत नाही. इस्कीत साठवलेली माहिती त्या मानाने सोपी; तिच्यासाठी विंडोजमध्ये ५७००२ क्रमांकाचे रूपांतर-कोष्टक तयारच आहे.

सारे नीट दिसते, तरीही

पडद्यावर मराठी सुरेख दिसू लागली की काम संपले असे वाटते, आणि खऱ्या कटकटी तेथून पुढे सुरू होतात. घणसोली परिसरात सर्रास आढळणारे 'म्हात्रे' हे आडनाव घ्या. वाचणाऱ्याला त्यात दोन अक्षरे दिसतात. संगणकाला आठ संकेत. पावतीवर जागा कमी म्हणून पहिले सहा घेतले तर छापून येते 'म्हात्'. 'ज्ञानेश्वर'चे दहांपैकी आठ घेतले तर उरते 'ज्ञानेश्'. डॉटनेटमध्ये लांबी विचारणारी नेहमीची आज्ञा संकेत मोजते. अक्षरांच्या जवळचे एकक हवे असेल तर 'स्ट्रिंगइन्फो' वापरावे. तेही जोडाक्षर दोन भागांत मोजू शकते, म्हणून छपाईसाठी शब्द तोडूच नये, रुंदी मोजून खालच्या ओळीत न्यावा.

शोध घेतानाची अडचण खास मराठी आहे. 'कऱ्हाड', 'गोऱ्हे' यांतील अर्धा 'र' दोन रीतींनी टंकता येतो: नुक्तायुक्त 'ऱ' वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक संकेत वापरून. दोन्ही दिसतात सारखे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचे ठरलेले सामान्यीकरण या दोहोंना एक करत नाही, ते बदल प्रोग्रॅमरनेच नोंद साठवताना करावयाचे असतात. वकिलांच्या नावाआधीचे 'ॲड.' असेच. युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आले. त्याआधीचा साठा 'अ'वर चंद्र देऊन केलेला आहे. एकच सभासद दोनदा नोंदला गेला, तर अशा जोड्या आधी तपासाव्यात.

अनुक्रमाचेही तेच. शाळेत शिकवलेल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत तो 'ल'च्या शेजारी आहे. निव्वळ क्रमांकांनी लावलेल्या यादीत 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतात. तुलना करताना मराठी-भारत ही संस्कृती स्पष्टपणे द्यावी. शिवाय २०२० च्या डॉटनेट ५ पासून तुलनेचे नियम विंडोजच्या जुन्या यंत्रणेऐवजी आयसीयू या ग्रंथालयातून येतात, तेव्हा आवृत्ती बदलल्यावर यादीचा क्रम पुन्हा पाहावा.

आकड्यांची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. घर क्रमांकात कोणी '४७' असे देवनागरीत टंकले, तर 'हा अंक आहे काय?' या डॉटनेटच्या प्रश्नाला उत्तर होकारार्थी मिळते; आणि त्यावर विसंबून संख्येत रूपांतर करावयास गेले की आज्ञावली त्रुटी दाखवून थांबते. देवनागरी अंक आधी एकेक करून बदलून घ्यावे लागतात.

तारखेचा दोष भाषेचा नव्हे, पण तितकाच मुका. अमेरिकी मांडणीच्या यंत्रावर व्हिज्युअल बेसिक '१३/०४' ही तारीख तेरा एप्रिलच समजते, कारण तेरावा महिना नाही; '०३/०४' मात्र चार मार्च होते. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस चुकीचे व पुढचे बरोबर. कर्जाचे व्याज मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक महिनोन् महिने लक्षात येत नाही.

जुन्या साठ्यातील हानी मोजावयाची असेल, तर आधी फाइलची प्रत काढून प्रश्नचिन्ह असलेल्या नोंदी शोधाव्यात. येथे ॲक्सेस शेवटची फिरकी घेते: तिच्या शोधात प्रश्नचिन्हाचा अर्थ 'कोणतेही एक अक्षर' असा असल्याने गावातील सारेच सभासद यादीत येतात. चिन्ह चौकटी कंसात घालून शोधले म्हणजे खऱ्या गमावलेल्या नोंदी मिळतात. ती यादी छापून जुने कागदी रजिस्टर शेजारी ठेवावे आणि नावे एकेक करून पुन्हा टंकावीत.