रणात पडलेल्यांची भुते का होत नाहीत

यवतमाळहून नागपूरकडे जाताना लागणारे कळंब आज लोकांना माहीत आहे ते जमिनीच्या पातळीखाली उतरून दर्शन घ्यावे लागणाऱ्या चिंतामणी गणपतीमुळे. मध्ययुगात मात्र हे नाव सैन्यांच्या वाटेवरचे होते. बहमनी सुलतान अहमदशहाने 1425च्या सुमारास माहूरवर स्वारी केली आणि गोंडांकडून कळम घेतले, असे फिरिश्ता सांगतो. अकबराच्या काळी 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे नोंदली गेली, त्यांत कळम हे एक होते. गोंड, बहमनी, मोगल, भोसले आणि इंग्रज या साऱ्यांच्या फौजा या पट्ट्यातून गेल्या. कळंबहून दक्षिणेला पांढरकवड्याकडे उतरले की मराठेशाहीच्या अखेरच्या लढायांपैकी एक जिथे झाली, ती शिवणीची भूमी येते. मोठी युद्धे, अकाली मरणे आणि विस्मरण हे सारे इथे आहे. रात्री यंत्रे घेऊन रणभूमीवर आत्मे शोधण्याची जी रीत इंग्लंड-अमेरिकेत रुजली आणि आता आपल्याकडच्या तरुणांनाही खुणावते आहे, तिच्या हिशेबाने हा भाग भुतांनी गजबजलेला असायला हवा. पण भुताटकीच्या ज्या याद्या आपल्याकडे फिरतात, त्यांत शनिवारवाडा ठळकपणे असतो आणि शिवणी किंवा कळंब नसते. रणातल्या मृत्यूने भूत निर्माण होते, हे या रीतीचे गृहीतक आहे. मराठी समाजाने आपल्या मृतांची व्यवस्था ज्या प्रकारे लावली, तीत या गृहीतकाला जागाच नव्हती, असे मला या पुराव्यावरून वाटते.

प्रथम शिवणीला काय झाले ते पाहू. मार्च 1818मध्ये इंग्रजांनी नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना कैद केले. त्यांच्या मदतीच्या बोलावण्यावरून दुसरे बाजीराव चांद्याच्या रोखाने येत होते. वर्धेच्या बाजूने कर्नल स्कॉटने त्यांची वाट अडवली आणि हिंगणघाटहून कर्नल ॲडम्स निघाला. 17 एप्रिल 1818 रोजी ॲडम्सचे घोडदळ आणि घोड्यांवरचा तोफखाना पेशव्यांच्या छावणीवर येऊन आदळला. समोरासमोर उभे राहून झालेले हे युद्ध नव्हते. उरल्यासुरल्या पाच तोफा गेल्या, पेशवे थोडक्यात निसटले आणि फौज पांगली. इंग्रजांचे नुकसान नगण्य होते. मराठ्यांकडची माणसे पळता पळता वाटेवर, रानात पडली. त्यानंतर एकेक सरदार पेशव्यांना सोडून गेला आणि 3 जून 1818 रोजी बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले. चांदा त्याआधीच, मे महिन्यात, ॲडम्सने घेतले होते. एका राज्याचा अंत ज्या मैदानावर जवळ आला, तिथे मेलेल्यांचे ना दहन नीट झाले असेल, ना त्यांची नावे कोणी लिहून ठेवली. अतृप्त आत्म्याची कल्पना खरी धरली, तर याहून सुपीक भूमी दुसरी कोणती?

आता लोकसमजुतीकडे वळू. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी लोकांच्या चालीरीती आणि समजुतींची टिपणे मोठ्या प्रमाणावर जमवली होती. 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. टिपणे मागे राहिली आणि एन्थोव्हेन यांनी ती 1914-15मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या कोकणच्या भागात भुतांची लांबलचक वर्गवारी आहे. मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेल्या मुलाचा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, इच्छा राहून गेलेल्या सवाष्णीची जाखीण होते, बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो. या यादीत 'वीर' आहे, पण तो अविवाहित राहून मेलेल्या क्षत्रियाचा. त्याला अडकवून ठेवते ते न झालेले लग्न. या साऱ्यांत एक सूत्र दिसते. भूत होते ते अर्धवट राहिलेल्या संस्कारातून, संसारातून, वासनेतून. शस्त्राने आलेला मृत्यू, तो कितीही क्रूर असला, तरी एवढ्यावरून कोणाला भूत करत नाही.

याचे कारण दख्खनभर उभ्या असलेल्या वीरगळांवर कोरलेले आहे. तळाच्या चौकटीत लढाई किंवा गुरांसाठी झालेली झुंज, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेत आहेत, त्यावर तो शिवलिंगापुढे पूजा करतो आहे आणि शिखरावर चंद्रसूर्य. रणात पडलेला माणूस कुठे गेला, याचे उत्तर गावाने दगडात देऊन ठेवले. तो गेला आहे, पोचला आहे. इथे रेंगाळत नाही. गडचिरोलीच्या माडिया गोंडांतही मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची प्रथा आहे. पोथीपुराणाशी संबंध नसलेल्या या परंपरेतही मृताला जागा देण्याचे काम समाज स्वतः करतो.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. वीरगळ मिळतो तो नावाच्या वीराला. शिवणीच्या वाटेवर पडलेल्या बिनओळखी शिपायाला ना दगड मिळाला ना अग्नी. शास्त्रानेच अंत्यसंस्कार न झालेल्याला प्रेतयोनी सांगितली आहे, मग त्याचे काय? आक्षेप रास्त आहे आणि परंपरेलाही तो सुचला होता. पितृपक्षातली भाद्रपद वद्य चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांच्या श्राद्धासाठी राखलेली आहे. पंचांगात ती आजही छापली जाते. शरीर कुठे पडले, हे घरच्यांना ठाऊक नसले, तरी ही तिथी त्यांच्या हाती असते. पाश्चात्त्य भूतशोधक मृताला जागेला बांधतो, म्हणून त्याला रात्री त्या जागेवर जावे लागते. आपल्या घरांनी मृताला तिथीशी जोडले आणि मैदानापासून मोकळे केले.

सर्वांत मोठी कसोटी पानिपताची. 14 जानेवारी 1761 रोजी किती माणसे गेली, कोण मेले आणि कोण वाचले, याचा पत्ता महाराष्ट्राला महिनोन्महिने लागेना. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य मानले नाही. एवढ्या अनिश्चित मृत्यूतून मराठी मनात उभे राहिले ते भाऊचे भूत नव्हे, भाऊचा तोतया. त्याच्यामागे माणसे जमली, त्याने किल्ले घेतले आणि अखेर 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. ज्याचा मृत्यू पटत नाही तो जिवंत असेल, अशी ती आशा होती. तो मैदानावर भटकत असेल, ही कल्पना त्या आशेच्या जवळपासही नव्हती.

उलट जिथे रणभूमीची भुते प्रसिद्ध झाली, तिथला पुरावा पाहिला तर ती कोणत्या काळजीतून आली हे कळते. इंग्लंडमधल्या एजहिलची लढाई 23 ऑक्टोबर 1642ला झाली आणि आकाशात पुन्हा लढणाऱ्या सैन्यांची हकीकत सांगणारी पुस्तिका जानेवारी 1643मध्ये लंडनात विकली जात होती. यादवी अजून चालू होती आणि देश दोन बाजूंत फाटला होता. 1863च्या गेटिसबर्गच्या मैदानावर रात्रीच्या भूतफेऱ्यांचा धंदा भरभराटला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस, पर्यटनाच्या जोरावर. शनिवारवाड्याची गोष्टही याला धरूनच आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी तिथे तरुण पेशवा नारायणराव मारला गेला; त्याच्यासोबत मेलेली माणसेही मोजकीच. पण घातपात घरातल्यांचा होता आणि वाडा शहराच्या मध्यावर सर्वांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. भुतांची संख्या मृतांच्या संख्येने ठरत नाही. अपराधाची बोच आणि ऐकणाऱ्यांची गर्दी यांनी ठरते.

मग यंत्रांचे काय? चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणे, ध्वनिमुद्रक, अंधारात पाहणारे कॅमेरे यांनी काहीतरी टिपले जाते, असा दावा असतो. टिपले जातेच, वीजवाहिन्या, मोबाईल, वारा, प्राणी सर्वत्र असतात. चुंबकीय क्षेत्र बदलले, एवढ्यावरून मेलेला शिपाई आला हे सिद्ध व्हायला आधी आत्म्याचे आणि त्या क्षेत्राचे नाते सिद्ध व्हावे लागते आणि तीच पायरी वगळली जाते. यात कोणाचे नुकसान काय, असे कोणी विचारेल. महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाल्यावर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे त्याने गुन्हा ठरवले. वर दिलेली यादी पुन्हा पाहावी. हडळ, जाखीण या बायकाच आहेत, आणि त्या समजुतीचा मार नेहमी जिवंत बाईच्या पाठीवर पडत आला. भूत खरे आहे असे यंत्राच्या आधारे सांगणारा माणूस, त्याची इच्छा नसली तरी, या माराला बळ देतो.

अखेरचा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. रात्रीच्या थरारामुळे तरुण निदान रणभूमीवर येतात. एरवी शिवणीला कोण जाणार? पण यंत्रे घेऊन रणभूमी तपासण्याची दुसरी रीतही जगात आहे. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या मैदानावर 1983मध्ये वणवा लागून गवत जळाले. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे फिरवून एकेका काडतुसाची जागा नकाशावर मांडली. कोण कुठून लढले, रांग कुठे मोडली, हे त्यातून दिसले आणि मूळ रहिवाशांनी सांगितलेल्या आठवणींना आधार मिळाला. शिवणीच्या शिवारात अशी रीतसर पाहणी व्हावी, पेशवे दफ्तरातले त्या मोहिमेचे कागद आणि इंग्रजांचे अहवाल समोरासमोर ठेवले जावेत, कळंबपासून पांढरकवड्यापर्यंतच्या गावांतल्या आठवणी लिहून घेतल्या जाव्यात. त्या शिपायांना भटकते आत्मे करणे हा अन्याय आहे. त्यांचे नाव, गाव आणि पडण्याची जागा शोधून काढणे हे वीरगळ कोरणाऱ्यांनी सुरू केलेले काम आहे आणि ते पुढे नेण्याची साधने आज आपल्याकडे आहेत.