पीसीओएस : वजन नेमके किती घटवायचे?

मासिक पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस उगवू लागतात, मुरमे हटत नाहीत आणि कमरेचा घेर वाढत जातो. सोनोग्राफीच्या अहवालात 'पॉलिसिस्टिक ओव्हरीज' असे शब्द येतात आणि 'आधी वजन कमी करा' हा सल्ला घेऊन तरुणी दवाखान्याबाहेर पडते. किती कमी करायचे, किती काळात आणि त्याने काय साधणार, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते. मग उंची-वजनाच्या तक्त्यातील आकड्याकडे पाहून वीस किलो उतरवण्याचा संकल्प केला जातो आणि तो दोन महिन्यांत मोडतो. वास्तविक या विकारात उपयोगी पडणारा पहिला टप्पा त्याहून कितीतरी जवळ असतो.

गाठी नव्हेत, पुटिका

शिकागो येथील डॉ. आयर्विंग स्टाइन आणि डॉ. मायकेल लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांच्या तपासणीवरून या विकाराचे वर्णन केले. बीजकोषात दिसणाऱ्या 'गाठी' तेव्हापासून नावाला चिकटल्या. प्रत्यक्षात त्या गाठी नसून वाढ अर्ध्यावर थांबलेल्या, स्त्रीबीज धारण करणाऱ्या पुटिका असतात. त्या शस्त्रक्रियेने काढण्याजोग्या नसतात आणि त्यांचा कर्करोगाशीही संबंध नसतो.

रॉटरडॅम येथे २००३ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार अनियमित बीजमोचन, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र या तिन्हींपैकी दोन गोष्टी आढळल्या, तर निदान होते. थायरॉइडसारखी अन्य कारणे त्याआधी तपासून बाजूला सारावी लागतात. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या आठ वर्षांत निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. कारण त्या वयात अशा पुटिका निरोगी मुलींतही दिसतात.

इन्शुलिनचे चक्र

या विकाराने ग्रस्त असलेल्या बहुसंख्य स्त्रियांचे शरीर इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही. त्यामुळे स्वादुपिंड अधिक इन्शुलिन स्रवते. हे जादा इन्शुलिन बीजकोषांना अधिक पुरुषी संप्रेरके तयार करण्यास भाग पाडते. पुटिकांची वाढ खुंटते, बीजमोचन होत नाही आणि पाळी लांबते. पोटाभोवती साठलेली चरबी इन्शुलिनचा प्रतिरोध आणखी वाढवते. म्हणजे वजन हे एकाच वेळी या विकाराचे फलितही असते आणि त्याला खतपाणी घालणारे कारणही. अशा तरुणीला 'आळशी' वा 'खादाड' ठरवणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्याने काही साधतही नाही.

पाच टक्क्यांचे मोल

हे चक्र सैल करण्यासाठी मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घटही अनेकींना पुरेशी ठरते. ७५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी पाच टक्के म्हणजे पावणेचार किलो. सहा महिन्यांत एवढे उतरले तरी इन्शुलिनची पातळी खाली येते आणि अनेकींची पाळी पुन्हा मार्गावर येते. ती स्त्री तक्त्याच्या हिशेबाने अजूनही स्थूलच असेल; बीजकोषांच्या दृष्टीने मात्र फरक पडलेला असतो.

बीजमोचन पूर्ववत झाले की गर्भधारणाही संभवते. 'मला पीसीओएस आहे, दिवस राहणार नाहीत' या समजुतीवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे. नको असलेल्या नवीन केसांवर परिणाम दिसण्यास मात्र सहा महिने वा अधिक काळ लागतो. तोवर धीर सोडू नये.

ताट आणि दिनक्रम

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने कोणताही एक विशिष्ट आहार सर्वश्रेष्ठ ठरवलेला नाही. जो वर्षानुवर्षे पाळता येईल, तो चांगला. आपल्या ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला, पाव जागा उसळ, वरण, अंडी वा मासळीला आणि पाव जागा भाकरी, पोळी वा भाताला द्यावी. मटकी-मुगाची उसळ आणि ज्वारीची भाकरी यासाठी उत्तम. गोड चहा, त्यासोबतची बिस्किटे वा खारी आणि उपवासाच्या नावाखाली भरपेट साबुदाणा खिचडी यांना आवर घालावा. उपाशी राहण्याने मात्र हाती काही लागत नाही.

आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. वजनकाटा हलला नाही तरी व्यायामाने इन्शुलिनचा प्रतिसाद सुधारतो. सडपातळ स्त्रियांनाही पीसीओएस होतो. त्यांनी वजन घटवायचे नसते. व्यायाम आणि साखरेची तपासणी मात्र त्यांनाही चुकत नाही.

औषधे आणि गैरसमज

गर्भनिरोधक गोळ्या पाळी नियमित करतात व केस-मुरमांवर उपयोगी पडतात; पण मूळ प्रवृत्ती त्याने नाहीशी होत नाही. मेटफॉर्मिन इन्शुलिनचा प्रतिरोध कमी करते. वजन घटवण्यासाठीची सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही इंजेक्शने भारतात २०२५ मध्ये आली. ती गरोदरपणात वर्ज्य आहेत, ती चालू असताना गर्भनिरोध हवा आणि ती थांबवल्यावर वजन पुन्हा वाढू शकते. तेव्हा ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

'लग्न झाले की सारे सुरळीत होईल' हा घरोघरी ऐकू येणारा दिलासा मात्र पूर्णतः निराधार आहे. उपचारांविना पाळी वारंवार तीन-तीन महिने लांबत राहिली, तर गर्भाशयाचे अस्तर जाड होऊन पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. मधुमेहाचा धोकाही मोठा असतो. म्हणून निदान होताच ग्लुकोज पिऊन करावयाची रक्तातील साखरेची तपासणी करून घ्यावी. खिन्नता वा अस्वस्थता असल्यास तीही डॉक्टरांना सांगावी. या विकारात ती वारंवार आढळते.

रोज वजनकाट्यावर उभे राहण्याऐवजी पाळीच्या तारखांची नोंद ठेवावी आणि महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजावा. भारतीय स्त्रियांसाठी तो ८० सेंटीमीटरच्या आत असणे इष्ट मानले जाते. पुढच्या तपासणीच्या वेळी हीच वही डॉक्टरांसमोर ठेवावी. उपचारांची दिशा ठरवण्यास ती एकट्या वजनाच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.