कुंपणानेच खाल्लेलं कुरण

अमेरिकेच्या मधल्या गवताळ मुलखात शेतकऱ्याला जमीन मिळाली, पण तिला कुंपण कशाचं घालायचं? १८६२च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर देऊ केले. (ती मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, याचा उल्लेख कायद्यात शोधू नये.) पूर्वेकडे झाडं तोडून ओंडके रचायचे, इथे मैलोन्मैल नुसतं गवत. काटेरी झाडांची वई लावली तर ती दाट व्हायला तीन-चार वर्षं जात. साधी तार ताणली तर गुरं तिला अंग घासून ती वाकवत, आणि कडक थंडीत ती तटकन तुटे.

१८७३ साली इलिनॉयमधल्या डिकॉल्बच्या जत्रेत हेन्री रोझने एक लाकडी पट्टी मांडली होती. तारेच्या अणकुच्या बसवलेली ही पट्टी कुंपणावर टांगायची. ती तिघांनी पाहिली: शेतकरी जोसेफ ग्लिडन, लोखंडी सामानाचा दुकानदार आयझॅक एलवुड आणि लाकूड-व्यापारी जेकब हेश. तिघांच्याही डोक्यात एकच आलं, पट्टी हवीच कशाला? काटा थेट तारेवर बसवावा. पण तारेवरचा काटा घसरतो, नाहीतर गोल फिरतो. ग्लिडनने, असं सांगतात, घरातली कॉफीची चक्की घेऊन तिच्यावर काटे वळवले, ते तारेत ओवले आणि शेजारून दुसरी तार घेऊन दोन्हींना पीळ दिला. काटे जागच्या जागी घट्ट बसले. २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याला पेटंट मिळालं. एलवुडने २६५ डॉलरला अर्धा हिस्सा घेतला. उरलेला अर्धा ग्लिडनने दोनच वर्षांत मॅसॅच्युसेट्सच्या वॉशबर्न अँड मोएन कंपनीला ६०,००० डॉलर आणि वर स्वामित्वशुल्क घेऊन विकला. हेश मात्र आपलाच काटा खरा म्हणत आयुष्यभर भांडला.

तार निघाली ती पिकात गुरं शिरू नयेत म्हणून. टेक्सासमध्ये तिचा मोठा फायदा उचलला तो बड्या पशुपालकांनी. त्यांनी स्वतःच्या जमिनीबरोबर सरकारी कुरणं, रस्ते आणि पाणवठेही वेढून टाकले. ज्यांच्याकडे चार गुरं होती आणि जमीन नव्हती, त्यांची वाटच बंद झाली. १८८३च्या दुष्काळात रात्री टोळ्या निघू लागल्या आणि मैल-मैल तार कापली जाऊ लागली. माणसंही मेली. गव्हर्नर जॉन आयर्लंड यांनी जानेवारी १८८४मध्ये विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. तार कापणाऱ्याला एक ते पाच वर्षं कैद ठरली. दुसऱ्याची किंवा सरकारी जमीन वेढणं हाही गुन्हा ठरला, पण सौम्य. तराजू कुठे झुकला होता ते दिसतंच. जनावरांच्या वाट्याला आलेलं आणखी वाईट. उत्तरेकडची गुरं खाली सरकू नयेत म्हणून टेक्सासच्या उत्तर टोकाला लांबलचक कुंपण घातलेलं होतं. १८८५-८६च्या हिमवादळांत वाऱ्याला पाठ देऊन दक्षिणेकडे निघालेले कळप त्याला येऊन अडले आणि तिथेच गोठून मेले.

इकडे ग्लिडनच्या पेटंटवरून खटलाही चालू होता. १८६८ सालीच मायकेल केलीने तारेच्या काट्यांचं पेटंट घेतलं होतं, तेव्हा ग्लिडनने नवं काय केलं, हा प्रश्न होता. १८९२ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, फरक थोडाच आहे, पण कुंपण चाललं ते त्याच फरकामुळे. निकाल ग्लिडनच्या बाजूने लागला. पेटंटची सतरा वर्षं त्याआधीच, नोव्हेंबर १८९१मध्ये संपली होती.