रुमालाची गाठ

मागल्या पावसाळ्यात आमचे चिरंजीव लोहगडावर निघाले. डोक्याला लाल कापड, त्यावर पांढरे ठिपके. मी म्हटलं, "रुमाल छान आहे."

"बाबा, रुमाल नाही, बँडाना!"

लोणावळ्याच्या बाजारात दोनशे रुपये मोजले होते. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. हिशेब पटेना, म्हणून शब्दाच्याच मागे लागलो.

निघालं ते असं. कापड चिमटीत धरून दोऱ्यानं गाठी मारायच्या नि रंगात बुडवायचं. गाठीखाली पांढरा ठिपका राहतो. ही आपली बांधणी, हिंदीत बांधनू. अठराव्या शतकात कंपनीच्या जहाजांतून असले रेशमी रुमाल विलायतेला गेले आणि बांधनूचा 'बँडाना' झाला. पुढे ग्लासगोचे कारखानदार लाल कापडावरचा रंग उडवून ठिपके काढू लागले. गाठ गेली, नाव तेवढं राहिलं. म्हणजे चिरंजीवांनी आपलीच ठेव उलट व्याज भरून घरी आणली!

रुमाल तरी कुठं आपला? तो फारसी. 'रू' म्हणजे तोंड, 'माल' म्हणजे पुसणारा. मालिशही त्याच घरातली. पण लोणावळा लोकलमध्ये रुमालाचं मुख्य काम खिडकीतून पडून जागा धरणं. त्याहून जुनं काम बांधण्याचं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कापडात बांधून ठेवलेत. एकेका गाठोड्याला म्हणतात रुमाल. असे हजारो. त्यांतून निवडून रियासतकार सरदेसाईंनी १९३० ते १९३४ मध्ये ४५ भाग काढले. हे रियासतकार राहायचे आमच्याच मावळात, कामशेतला. १९५९ साली तिथंच वारले. मी त्या स्टेशनावरून रोज जातो. रुमाल टाकून मिळवलेल्या जागेवर घोरत!

परवा काउंटरवर एक आजोबा आले. रुमालाची गाठ दातांनी सोडली. आत पासबुक, सातबारा आणि तळाशी एक पिवळा मोडी कागद.

"आज्याचा हाय. जमिनीचा आसंल. वाचा की, सायेब."

सायबाला वाचता येईना. मागं रांग कुरकुरू लागली. आजोबांनी कागद पुन्हा निगुतीनं बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि निघून गेले.

रात्री चिरंजीवांना म्हटलं, "बँडाना खुशाल बांध बाबा. पण जमलं तर मोडी शीक. गाठी मारणारे पुष्कळ झाले, सोडणारा कुणीतरी हवा."